शिंद्यांचे हात

बॉक्सिंगचा चॅम्पियन होतो रे मी, पण लोक विचारतात ते हरलेल्या सामन्यांचंच. थकलो सांगून. माझा ठोसा बसला की समोरचा उठायचा नाही. फक्त बदलापूरच्या शिंद्यांना तो कधी बसलाच नाही. तोंडापुढचे हात खालीच घ्यायचे नाहीत. तीनदा पॉइंटवर हरलो.

पुढे माझ्या पोराला त्यांचीच मुलगी आवडली. अंबरनाथला आमच्या क्वार्टरमध्ये बैठक बसली. बायकोनं बजावलं होतं, "स्कूटर मागायचीच."

शिंदे छातीशी हात जोडून म्हणाले, "बोला, अपेक्षा काय तुमची?"

पहिल्यांदाच त्यांचा जबडा असा उघडा समोर होता. मला ठोसा मारणं जिवावर आलं.

म्हटलं, "मुलगी आणि नारळ द्या."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "झालं, चौथ्यांदा हरलात."