चोवीस तास पाणी

— नाही, निकाल अजून लागला नाही, म्हणजे लागलाय, पण तो सर स्वतः सांगतील, तू बस ना. तूच म्हणते हं, माझ्याहून लहान असशील. आणि माझ्याशी मराठीतच बोल. अर्जावर 'हरिप्रिया जनकोजी राव, तंजावर' वाचलं तेव्हाच वाटलं, चला, या तमिळ मुलखात, गिंडीत, कुणीतरी आपलं भेटलं! माझं मराठी आवडी गावातल्या क्वार्टर्समधलं, बाबा तिथल्या फॅक्टरीत, तुमच्यासारखं जुनं, गोड नाही — अगं बाई! — काही नाही, दार आपटलं. मी अशीच दचकते. घरी सगळे हसतात, यामिनी उकळत्या दुधालाही घाबरते म्हणून. पाणी देऊ तुला? नको? बरं.

वाईट वाटून घेऊ नकोस, एवढंच सांगायला बाहेर आले. म्हणजे वाईट वाटण्यासारखं काही झालंय असं नाही — झालंय, पण तुझी चूक नाही. आमचं काम तर तुला ठाऊकच आहे, सकाळी लोकांच्या मोबाईलवर एक कोडं पाठवायचं, संध्याकाळी त्याचं उत्तर. सरळ डोक्यानं सुटत नाही असलं, आडवळणाचं कोडं. ती लिहायला एकच माणूस हवाय, म्हणून ही परीक्षा. आणि पेपर कुणी तपासायचे? मी! मी इथे फोन घेते गं, आल्यागेल्याला बसवते. नारायणस्वामी सरांनी उत्तरं लिहून दिली होती, जुळलं तर गुण द्यायचे, नाही तर शून्य. आता ते पहिलंच घे — घराला चहूकडून पाण्याने वेढलंय, तरी माणूस खुशीत, का? सरांचं उत्तर, त्याचं घर म्हणजे बोट आहे. असेल, पण हसू येतं का त्याने? आणि तू काय लिहिलंस, की तो घरमालक आहे, 'चोवीस तास पाणी' असं सांगून त्याने घर भाड्याने दिलं होतं, आज पहिल्यांदा त्याचा शब्द खरा झाला. अगं, मी वेलचेरीला राहते! उन्हाळ्यात पाण्याच्या लॉरीमागे बिंदगी, म्हणजे घागर गं, घेऊन पळायचं आणि पावसात त्याच बिंदग्या हॉलमध्ये तरंगताना बघायच्या! मी इतकी हसले, इतकी हसले, की — तरी शून्य दिलं. दिलं मी. जुळत नव्हतं ना.

आणि दुसरं, तो रोज ऑफिसच्या पुढे एक स्टॉप जाऊन चालत मागे येणारा माणूस. सरांचं उत्तर, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तुझं उत्तर, तो शेअर ऑटोत सगळ्यात आत बसतो, बाहेरचे उतरल्याशिवाय त्याला उतरता येत नाही. तिथे तर मला ठसकाच लागला, आणि सर केबिनमधून बाहेर आले. काय चाललंय, यामिनी? मी वाचून दाखवलं. दोन्ही. सर हसले. नारायणस्वामी सर हसले गं, चष्मा काढून डोळे पुसले! आणि म्हणाले, हे सुचलं कुणाला?

आता सांग, एवढं मोठ्याने कुणी विचारतं का एखाद्याला? मी दचकले. दचकलं की माझ्या तोंडून काहीही निघतं, कॉलेजात तोंडी परीक्षेला मी स्वतःचं नावसुद्धा चुकीचं सांगितलं होतं. मी म्हटलं, सहज सुचलं, सर. — नाही, 'मला' नाही म्हटलं. नुसतं, सहज सुचलं. खोटं आहे का ते? सुचलंच होतं ना, तुला. पण ते म्हणाले, इतकी वर्षं हिला आम्ही फोनवर बसवून ठेवलं! आणि मग — काय? नाही नाही, जागा अजून — हो. भरली. मघाशीच. कुणाला ते सर सांगतील. असं बघू नकोस ना.

मी सांगणार होते, खरंच. म्हणून तर बाहेर आले. पण आत आईला फोन करून बसले, आणि ती रडायलाच लागली, म्हणाली, बाबांना फॅक्टरीत कळवते. आता कुठल्या तोंडाने सांगू? तुझं काय, तुला शंभर ठिकाणी मिळेल, ज्याला सुचतं त्याला मिळतंच. मला तर काही — इदो वरेन, सर! आलेच! — बोलावतायत. उद्याच्या कोड्याला उत्तर हवंय, चहाच्या आत, म्हणाले, तसंच झकास काहीतरी दे. मघापासून डोकं धरून बसलेय, ओ की ठो सुचत नाही. कोडं असं आहे, की बंद दुकानासमोर लोक रांग लावून उभे आहेत, आणि दुकान उघडू नये असं सगळ्यांना वाटतंय. का?

— तुला काय वाटतं? नाही, सहज विचारते. एकच. नुसतं तोंडी सांगितलंस तरी —

कुठे निघालीस? ढकलू नकोस ते दार, आत ओढायचं असतं. ऊन फार आहे बाहेर, थांब थोडं — नको थांबूस. जा. सर येतायत, जा ना लवकर.

हो सर. सुचतंय, सर.