जर्मनची नाव पालथी

माझं माहेर नामपूरचं. तिकडं सगळा कांदा, आणि पाणी म्हणजे विहिरीचं, वाकून बघायचं तेवढंच. लग्न होऊन इगतपुरीकडं आले तर दारापुढं धरण. तोंडानं सांगायची लाज वाटते म्हणून लिहितेय, आणि माझं स्वतःचं काही नाही, सांगायचं ते आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. नवरा टेम्पो चालवतो. मासे धरायचं काम आम्हा दोघींचं. त्या वल्हं मारतात, मी जाळं सोडते.

मामांची, म्हणजे सासऱ्यांची, लाकडी नाव होती. मामा गेले आणि मागोमाग तीही कुजली. मग ही जर्मनची आणली, पातेल्याचं असतं ना जर्मन, ॲल्युमिनियम, तेच. एका बोटिंगवाल्यानं धंदा बंद केला, त्याची वापरलेली. हलकी इतकी की दोघींनी उचलावी. आत्याबाई तिच्यावरून हात फिरवायच्या, म्हणायच्या, चांदीची सून आणली मी. मी म्हणायची, मग मी कशाची?

उन्हाळ्यात धरण आटलं की लाकडी नावेत पाणी भरून ठेवायची रीत, नाहीतर फळ्या सुकून फटी पडतात. आत्याबाईंनी हिलाही तसंच केलं. रोज सकाळी हंडा ओतायच्या, लेकराला न्हाऊ घालावं तसा. आणि नाव पालथी घालायची तर गोष्टच नको. आमच्यात नाव पालथी घालतात ती घरातला नाववाला गेल्यावर. मामा गेले त्या दिवशी लाकडी नाव घातली होती.

पावसाळ्यात धरण भरलं, नाव लोटायला गेलो तर लोटेना. पाणी सगळं उपसलं, फडक्यानं पुसली, तरी जड. गाभण म्हशीवानी चालती, आत्याबाई म्हणाल्या, आणि आम्ही हसलो. हसायला नको होतं.

एका सकाळी मधोमध असताना वारा सुटला. जाळं भरलेलं, नाव एका अंगाला कलली आणि काठावरून पाणी आत यायला लागलं. काय सांगू तुम्हाला, मला देवाचं नाव आठवेना. आत्याबाईंनी विळ्यानं दोरी कापली, भरलं जाळं सोडून दिलं, म्हणाल्या, पोरी, मधे बस, हलू नको, जाळं परत विणता येतं. आणि वल्हं मारत काठाला आणलं मला.

नवरा म्हणाला, आई, उद्या भंगारवाल्याला बोलवतो, तुम्ही दोघी बुडाल आणि मी टेम्पोत गाणी ऐकत असेन. मला वाटलं, संपलं. नाव गेली की मी भातलावणीच्या मजुरीला, आणि आत्याबाई ओट्यावर. ओट्यावर बसून त्या जगायच्या नाहीत. पण त्या एवढंच बोलल्या, दे भंगारात, पण आधी हिच्या पोटात काय हाय ते बघू दे.

काठावर सगळी आळी जमली. बसायचं बाकडं म्हणजे पत्र्याची बंद पेटी, त्याचे रिव्हेट आत्याबाईंनी छन्नीनं तोडले. आत स्पंज, नाव तरंगावी म्हणून भरलेला. तो काळा पडलेला, कुबट. मुठीत दाबला तर पाण्याची धार लागली. खाली पत्र्याला पांढरी भुकटी, पाण्यानं खाल्लेली बारीक भोकं. आत्याबाईंनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. त्यांना उलट बोलायची काठावर कुणाची टाप नाही, गप्प राहिल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. पण मोठ्यानं म्हणाल्या, हिला मीच पाणी पाजलं. लाकडाची रीत जर्मनला लावली. हिचा काय दोष नाय, भंगारात नाय द्यायची.

नवऱ्यानं ओला स्पंज गोळा करून टेम्पोत टाकला.

मग नाव दोन ओंडक्यांवर ठेवून शेवटचं पाणी भरलं, मी खाली निजून जिथं थेंब येईल तिथं कुंकू लावलं. धान्याच्या कोठ्या करणाऱ्यानं ठिगळं मारली. बाकड्याच्या पेटीत स्पंजाच्या जागी पर्यटकांनी टाकलेल्या रिकाम्या बाटल्या, बुचं घट्ट लावून, भरल्या. आणि संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, धर त्या अंगानं, पालथी घालू. मी धरली, घातली पालथी. पलीकडची म्हातारी पळत आली, अगं बाई, कोण गेलं? आत्याबाई म्हणाल्या, कुणी नाय गं, निथळत ठेवलीय.

आता आळीतल्या आणखी दोन जर्मनच्या नावाही संध्याकाळी पालथ्या असतात. आत्याबाई आमच्या नावेवर बसून जाळं विणतात. परवा म्हणाल्या, मी गेले की त्या दिवशी हिला उताणी ठेव, पालथी तर रोजचीच झाली, लोकांना कळायला पाहिजे. मी म्हटलं, आत्याबाई, पाऊस आला तर? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, मग राहू दे पालथीच.