समोरचा दात

—आ कर. अजून मोठा. आणि बोलू नकोस बाबा, आल्यापासून एकच टकळी लावलीयस, झुल्मा सात वाजता कार्यक्रम, झुल्मा कुलगुरू येणार, झुल्मा टीव्हीवाले. कळलं मला. समोरच्या दाताची कॅप तुटलीय आणि आज संध्याकाळी पदक घ्यायचंय, बघते ना. हा कापूस ओठाखाली ठेवते, ही नळी लाळ ओढेल, तू फक्त पडून राहा. कशावर चावलास म्हणालास? साल्तेन्या खाताना? — ऑलिव्हच्या बीवर? अरे मेल्या! सुक्रेत जन्मलास, सुक्रेत वाढलास, इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की साल्तेन्याच्या सारणात एक ऑलिव्ह असतं आणि ते बी न काढताच घालतात. आधी कोपरा कुरतडायचा, रस्सा ओढून घ्यायचा, मग जिभेनं बी शोधायची आणि मग चावायचं. हे विसरलास? तुझ्या त्या श्रीमंत सांताक्रूझ शहरात बी काढून घालत असतील. तिकडे तुला सगळंच सोलून हातात मिळतं म्हणा.

घाबरू नकोस, इंजेक्शन नाही देत. दात मेलेला आहे, त्याला काही कळायचं नाही. आणि मेलेला आहे हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे, कारण त्याचं रूट कॅनॉल मीच केलंय — आठवतंय ना? कार्निव्हलच्या दिवशी पाण्याचे फुगे चुकवताना फॅकल्टीच्या पायऱ्यांवरून पडलास, दात अर्धा गेला, आणि दुसऱ्या दिवशी रडत माझ्याकडे आलास की झुल्मा, तुला परीक्षेसाठी पेशंट हवाय ना, मला घे. घेतलं. रात्रंदिवस बसून कॅप केली. तिचा रंग जमेना म्हणून तुला खिडकीपाशी उभं करून पुन्हा पुन्हा बघत होते, सर म्हणाले पोरी, लग्न लावायचंय का त्याच्याशी. परीक्षेत नंबर आला माझा. — आं-आं करू नकोस, नळी निसटते. आणि म्हणून आज इथे आलास, हे मला कळत नाही असं समजू नकोस. अख्ख्या शहरात दाताचे डॉक्टर पैशाला पासरी पडलेत. पण दुसऱ्याकडे गेलास तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, इम्प्लांटचा राजा, चार मजली क्लिनिक, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात शेवटच्या वर्षाच्या पोरीनं बसवलेली कॅप. झुल्मा कुणाला सांगायची नाही. झुल्मा काय, आपलीच आहे.

थांब, कपाटातून एक वस्तू आणते. — हे बघ. ओळखलंस? तुझेच दात. प्लास्टरचा साचा, तेव्हाचा. हसू नकोस, नळी! मी सगळ्यांचे ठेवते, डॉक्टरनं ठेवावेत. यावरून आता पटकन कॅप करता येईल, नाहीतर लॅबमध्ये पाठवून आठवडा गेला असता. सगळ्यांचे ठेवते म्हटलं ना — बरं, नाही ठेवत. मागे घर बदललं तेव्हा बाकीचे फेकून दिले. हा राहिला. राहिला म्हणजे काय, ठेवला. आता त्याचा अर्थ काढत बसू नकोस, तोंड उघड.

सकाळी पाहिला मी तुझा बॅनर. चौकात, फॅकल्टीच्या गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत. केवढा चेहरा! आणि हसतोयस — आणि बरोबर मधोमध माझी कॅप. मी खाली उभी राहिले, हातात शिंपिणीकडून आणलेला ड्रेस, आणि वाचत गेले. ‘माजी विद्यार्थी गौरव पदक. व्यावसायिक यश आणि समाजसेवेसाठी. डॉक्टर फानोर आरान्सिबिया.’ मग पुढचं नाव शोधलं. म्हटलं, खालच्या ओळीत असेल. म्हटलं, दुसरा बॅनर पलीकडच्या रस्त्यावर लावला असेल, म्हणून पलीकडच्या रस्त्यावर गेले. तिकडे मोबाइलची जाहिरात होती. — मान हलवू नकोस. मान हलवलीस तर ड्रिल जिभेला लागेल, मग भाषण कसं करशील?

कार्निव्हलच्या आधी तुझा फोन आला होता. कोमाद्रेंच्या गुरुवारी, बायकांचा सण म्हणून सगळ्या माझ्याकडे जमल्या होत्या, मी फोन स्पीकरवर टाकला होता. माझ्या मिर्ताचा धर्मबाप तू, तिच्या बाप्तिस्म्यापासून मला कोमाद्रे म्हणतोस, म्हटलं शुभेच्छा द्यायला केला असेल. आणि तू म्हणालास — मी शब्द न् शब्द सांगते — ‘कोमाद्रे, गावच्या दवाखान्याची ती खुर्ची हे आपलं दोघांचं काम. समितीला मी तेच सांगितलंय. स्टेजवर दोघं चढू.’ सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ऐकू आल्या होत्या ना तुला? मग? समिती म्हणाली एकालाच देतो, असंच ना? असेल. समितीला काय, एक पदक, एक माणूस. पण मग तू मला फोन करायचा होतास. फोन तर होता ना तुझ्याकडे? आज केलासच की, दात तुटल्यावर.

हां, आता हालू नकोस, दाताचा खुंट घासतेय.

खुर्ची तू आणलीस, ते मी नाकारत नाही. कुणीही विचारलं तर मी तेच सांगेन. पदवीनंतरचं खेड्यातलं सक्तीचं वर्ष, सगळे चिठ्ठी काढतात तशी आपणही काढली, आणि दोघांनाही डोंगरावरचं पुका ओर्को आलं. तिथे दवाखाना म्हणजे एक खोली आणि खोलीत बटाटे. तू तुझ्या काकांच्या सलूनमधली न्हाव्याची खुर्ची ट्रकवर घातलीस. रस्ता संपला तिथे ट्रकवाल्यानं उतरवून दिली, आणि तू ती दोरीनं पाठीला बांधलीस आणि चढलास. मी मागून ढकलत होते तुला. वर पोचलो तेव्हा तू पांढराफटक पडला होतास, आणि त्या खुर्चीत धाडकन बसून म्हणालास, पहिला पेशंट मी. सगळं गाव हसलं. त्या दिवशी मला वाटलं की हा माणूस, हा माणूस कधी... जाऊ दे. म्हणून तर जास्त लागतं ना. कुणी भुरट्यानं केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

मग तू गेलास. जाण्याचा राग नव्हता, खरंच नव्हता. सगळेच जातात सांताक्रूझला. कापूस पाठवायचास, हातमोजे पाठवायचास, मग नाताळला केक, मग फोन. आणि मी जात राहिले. दर महिन्याला, पहिल्या शनिवारी. मिर्ता लहान असताना तिला सोबत न्यायचे, ती त्याच खुर्चीखाली झोपायची. नवऱ्यानं त्यावरून किती वेळा घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटी घर सोडलंच. आता तू म्हणशील, मग तू कशाला गेलीस, तुला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी काही संत नाही, फानोर. जायचे, कारण तिकडे मी पोचले की कुत्रीसुद्धा पळत यायची. इथे कोण येतं पळत?

आता हे कॅपचं रेझिन. गरम लागेल जरा. चाव — आणि सोडू नकोस, मी सांगेपर्यंत.

आणि ती फिल्म, पदकासाठी काढलेली. विद्यापीठातून पोरं आली कॅमेरा घेऊन, तेव्हा खोली कुणी झाडली? खुर्चीला तेल कुणी लावलं? मीच. पुका ओर्कोच्या बायकांना सणाचे कपडे घालायला मीच लावलं. आणि ऐक, त्यांना पढवलंही मीच! म्हटलं, ‘खुर्ची फानोर डॉक्टरांनी पाठीवर आणली’ हे आधी सांगा, त्याचं नाव आधी घ्या, तो लांब असतो, त्याला बरं वाटेल. आसेन्सियाबाईंनी अगदी तसं सांगितलं. मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते, तर तो पोरगा म्हणाला, मॅडम, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय. झाले बाजूला. हसत हसत झाले! आज सकाळी बॅनर पाहिल्यावर फॅकल्टीच्या पेजवर ती फिल्म बघितली. आसेन्सियाबाई म्हणते, खुर्ची फानोर डॉक्टरांनी आणली — आणि संपली फिल्म, तुझा फोटो, गिटार. तिचं पुढचं वाक्य होतं, ‘आणि झुल्मा दर महिन्याला येते, माझ्या सगळ्या पोरांचे दात तिनेच केले.’ मी ऐकलंय ते, मी तिथेच होते. तुला दाखवली असणार ना फिल्म, आधी? विचारलं असेल ना, डॉक्टर, ठीक आहे का? आणि तू म्हणालास, ठीक आहे.

चावून धर, चावून धर. डोळे पुसते तुझे. नाही, रडतोयस असं म्हणत नाही मी, रेझिनच्या वासानं पाणी येतं सगळ्यांच्याच डोळ्यांना.

मला पदक नको होतं असं मी म्हणणार नाही. हवं होतं. खूप हवं होतं. तो बघ, दारामागे लटकलाय ड्रेस, हिरवा. मी उभ्या जन्मात हिरवा घातला नाही, शिंपीण म्हणाली डॉक्टर, स्टेजवर उठून दिसेल. पास आला नाही मला, तर मी काय समजले माहितीये? समजले की ज्यांचा सत्कार असतो त्यांना पास लागत नाही. हस ना. आता हसायला हरकत नाही. मिर्ताला तारिहाहून बोलावून घेतलंय, म्हटलं तुझ्या आईला आणि धर्मबापाला एकत्र बघ. रस्त्यात असेल ती आता.

आणि बाहेर कोण बसलंय, ऐकू येतंय का? त्या कुजबुजतायत, त्यांच्या केचुआ भाषेत. आसेन्सियाबाई आणि तिच्यासोबत पुका ओर्कोच्या सगळ्या बायका. पहाटे ट्रकमध्ये बसल्या. उकडलेले बटाटे आणलेत, चीज आणलंय, आणि ही एवढी मोठी पिशवी मिक्स्तुरा — रंगीबेरंगी कागदाच्या टिकल्या, माझ्या डोक्यावर उधळायला. आसेन्सियाबाई कवळी घालून आलीय! मी केलेली कवळी, एरवी बांधलेली असते फडक्यात, लग्नालाच काय ती बाहेर निघते. तुझ्या समितीनं त्यांना पहिली रांग दिलीय, लाभार्थी म्हणून. त्यांना वाटतंय, माझ्यासाठी. का वाटतंय? कारण मी सांगितलं. फोन आला त्याच्या पुढच्याच शनिवारी, खुर्चीवर उभी राहून सांगितलं — होय, न्हाव्याच्या खुर्चीवर, बुटांसकट — की विद्यापीठ मला पदक देतंय. ‘आम्हाला’ नाही म्हणाले, फानोर. ‘मला’ म्हणाले. आता तूही ऐकलंस ते. तर आता तुला म्हणायला मोकळीक आहे की झुल्मा, तूही माझं नाव गाळलंसच. पण मी एका खोलीत गाळलं आणि घरी येईपर्यंत लाज वाटली. तू चौकात गाळलंस, दोन गॅलऱ्यांच्या मधे.

सकाळपासून त्यांना आत घेतलेलं नाही. म्हटलं, पेशंट आहे. काय सांगू त्यांना, कळत नाही. मग तुझा फोन आला, आणि — हे सांगायला नको, पण सांगते — मला बरं वाटलं. वाटलं, दात तुटला ते बरंच झालं. आता येईल, खुर्चीत बसेल, आणि काहीतरी बोलेल. माफी नको होती. पण ‘स्टेजवरून एक वाक्य म्हणतो’, तेवढं जरी म्हणाला असतास. समोर त्या बसलेल्या असणार. ‘झुल्मा, कुठे आहेस, उभी राहा’ — बस, एवढंच. तेवढ्यावर मी हिरवा ड्रेस घालून आले असते रे, तिसऱ्या रांगेत, कुठेही.

सोड आता. आ. छान बसलीय. सिमेंट पक्कं लावलंय, हो, पक्कं, मनात आलं होतं की कच्चं लावावं, बोलता बोलता पडू दे कुलगुरूंच्या पायाशी. पण हात ऐकत नाही. हा कापूस काढला. ही नळी काढली. थुंक. चूळ भर. पुन्हा.

आता तोंड मोकळं आहे. बोल.

...

बोल ना. मघापासून मी म्हणत होते, याच्या तोंडात नळी आहे, याला कसं बोलता येईल. आता नाहीये काही.

...

काय? — आरसा?

घे. घे, नीट बघ. उजेडाकडे तोंड कर, रंग जुळलाय का बघ. जुळलाय ना. छान दिसतंय. नाही, आता नको बोलूस, कोमाद्रे वगैरे काही नको, सिमेंट ओलं आहे. उठ. कोट घे तुझा. तिकडून नाही — मागच्या दारानं जा, पुढे बायका बसल्यात. आणि दार हळू लाव, त्यांना कळायला नको आत तू होतास.