नसीमाची तोंडी परीक्षा

बशीरभाई, आणि या छोट्या घरात दाटीनं बसलेले तुम्ही सगळे. नसीमा गेली, आणि तिच्याबद्दल सगळेच चांगलं बोलले. मी खरं बोलणार आहे. मला तिचा हेवा वाटायचा. अतोनात हेवा.

कम्युनिटी कॉलेजात आम्ही दोघी गणित शिकवायचो. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नोकरी करणाऱ्या, संसारी. लेखी परीक्षेत माझा वर्ग नेहमी वर, तिचा मधे. तरी सगळ्या थांबायच्या तिच्या दाराशी. माझ्या का नाही?

पेपर तपासले की ती एकेकीला बोलवायची. "यल्ला, चल, हे गणित मला समजावून सांग." उत्तर बरोबर, पण सांगता येत नाही? मग मार्क नाहीत. आठवड्यानं पुन्हा ये.

एकदा कॉलेजनं न कळवता मागच्या सेमिस्टरच्या धड्यांवर चाचणी घेतली. माझा वर्ग विसरला होता. तिचा नाही. आणि मी काय केलं? विभागप्रमुखांना ईमेल केला, नसीमा मर्जीनं मार्क देते. तिची तोंडी परीक्षा बंद झाली. चौकशी झाली. ती निर्दोष ठरली, पण दोन महिने मान खाली घालून वावरली.

बशीरभाई, तुमच्या बायकोविरुद्धची ती तक्रार माझी होती. तुम्हाला माहीत नव्हतं. तिला होतं.

तरी आजारी पडल्यावर तिनं आपला वर्ग मलाच द्यायला सांगितलं. मी हॉस्पिटलात गेले, विचारलं, "मलाच का?" म्हणाली, "तू मेहनत सोडणार नाहीस. फक्त त्यांचं ऐकून घे गो."

पहिल्याच आठवड्यात मरियम, चार मुलांची आई, पूर्ण मार्क मिळूनही उभी राहिली. "मॅडम, मला विचारणार नाही?" मी विचारलं. ती अडखळली, फळा पुसला, पुन्हा सुरुवात केली आणि शेवटी हसली. त्या हसण्याचाही मला हेवा वाटला. ते नसीमाचं होतं.

हेवा अजून गेलेला नाही. माफी मात्र मागायची राहिली. ती समोर होती तेव्हा जीभच रेटली नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. मला अजून थोडं बोलायचंय. ते मी मनातल्या मनात तिच्याशीच बोलते.