सीतादहीचा हात

मंगरूळपीरला मी मोटारीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“कमलीबाई, दुसऱ्या गावी कामाले जाऊ नको. उद्या आमच्या वावरात सीतादही हाय. दहीभात वाहून पयला कापूस तुह्याच हातानं येचायचा.”

“अन् सरकारनं ठरवलेली नवी मजुरी?”

“आमच्या घरचे मालक म्हनते, कापूस तं कोनीबी येचते. जास्त कायले द्या?”

“मंग कोनालेबी बोलवा, चतुराबाई.”

“अवं, तुह्या हाताले बरकत हाय. दरसाल मीच कुकू लावतो ना तुले?”

“लावता. उद्या हात लक्ष्मीचा, अन् परवापासून कोनाचाबी? मोटार आली. सोडा हात.”

“नाही सोडत. मालकाले सांगतो, पुरी मजुरी द्या. नाही तं लुगडं नेसून तुमीच करा सीतादही.”