व्याह्यापुढे डावा हात

अरे, तो चिखला गावचा किस्सा सांगायचाच राहिला. मुलीसाठी मुलाचं घर पाहायला गेलो होतो. मुलाचे वडील पुढे आले आणि मी डावा हात दिला. स्काऊट डावा हात मिळवतात, ती शाळेतली सवय. बायको पुटपुटली, "शुभकामात डावा हात कायले?"

पण त्यांनीही डाव्यानंच घट्ट धरला. "कोणतं पथक?"

"लाखांदूर."

"मेळाव्यात आमच्या आधी तंबू ठोकला, ते तुम्हीच! मले अजून राग येऊन राहिला न!"

मग मुलांचं कोण बोलतं? शेकोटीच्याच गोष्टी निघाल्या.

सोयरीक जुळली नाही. जावई दुसरीकडचा मिळाला, गुणाचा आहे. फक्त त्याच्या वडिलांना भेटलो, की उजवा हात द्यावा लागतो.