जाळीच्या आतली मांजर

दोन दवाखान्यांना मिळून बाहेर एकच बाक होता. डावीकडे मुलांचे डॉक्टर, उजवीकडे जनावरांचे. रोज दुपारी दगडासारखं झोपणारं, हाकेलाही न उठणारं बाळ मांडीवर घेऊन त्याची आई टोकाला बसली होती. शेजारी दोघी जावा, पायाशी मांजराची टोपली.

“जाऊबाई, मोकळं सोडा हो तिला. कोंडून कोंडून वेडी होईल.”

“आणि गाडीखाली आली म्हणजे? जाळ्या ठोकल्यात मी खिडक्यांना. उंबरा ओलांडू देत नाही.”

“मग दुपारची जाते कुठे?”

“तेच डॉक्टरांना विचारायचंय! अख्खं घर पालथं घालते मी. चहाच्या वेळी बघावं तर बाईसाहेब उशीवर हजर, अंगाला पावडरीचा घमघमाट.”

“तुमचीच असेल.”

“लहान बाळाची गं! आपल्या घरात बाळ आहे कुठे?”

टोपलीतून बारीक आवाज आला. बाळ खुदकन हसलं आणि ओळखीच्या माणसाकडे झेपावं तसं टोपलीकडे झेपावलं.

आईनं त्याला घट्ट आवळून धरलं.

“काकू, हिला घरातच ठेवत जा हो.”

“अगं बाई, घरातच तर असते!”